श्वासाची जागा

१० सप्टेंबर, मंगळवार

दुपारची गर्दी ओसरल्यावर नगर कार्यालयातला कुसाका दुकानात आला. मला वाटलं, नेहमीसारखे बटाट्याचे दोन कोरोक्के घेईल, काउंटरपाशी उभ्याउभ्या खाईल आणि जीभ भाजून घेईल. पन्नाशीला आला तरी तळलेलं थोडं निवू द्यावं एवढी अक्कल त्याला आलेली नाही. पण आज स्वारी कोट घालून आली होती. दारातच कमरेतून वाकला तो उठेचना.

"बाई, तुम्ही आमच्याच गावात राहता आणि आम्हाला पत्ता नाही! शरम वाटते."

माझ्या हातात झारा, कढई भरलेली. म्हटलं, "अहो, झालं काय ते सांगा आधी. हे जळतील."

झालं ते असं. परवा गल्लीच्या बैठकीत आमच्या ह्यांनी दोन पेले जास्त चढवले आणि 'दीपस्तंभातली मिओ' या ॲनिमे मालिकेचं गाणं आमच्या हिसाएने म्हटलंय, लग्नाआधी, कॅसेटवर नाव आहे, असं ऐटीत सांगून टाकलं. ती मालिका काढणारे दिग्दर्शक आमच्या नागिसेचेच. टेकडीवरच्या मंदिरामागे त्यांची समाधी आहे. त्यांच्या स्मरणार्थ गावाने ठरवलंय की, खांबांवरच्या भोंग्यांतून रोज पाच वाजता पोरांना घरी बोलावणारी जी जुनाट धून वाजते, तिच्या जागी मिओचं गाणं लावायचं. 'घरी ये, दिवा लावलाय.' शब्द तर जणू त्यासाठीच लिहिलेत. आणि म्हणणार कोण, तर मूळ गायिका. म्हणजे मी.

"छे हो! मी कसली गायिका! मी आपली नुसती नक्कल करणारी."

कुसाका आणखी खाली वाकला. "मोठी माणसं असंच बोलतात," म्हणाला.

पुढे मी काही बोलले नाही. कोरोक्के जळत होते.

११ सप्टेंबर, बुधवार

जी गोष्ट काल कुसाकाला सांगितली नाही ती निदान इथं लिहिते.

मिओचं गाणं रुरि कागामी नावाच्या बाईंनी म्हटलेलं आहे. मालिकेत त्यांचा आवाज, मोठ्या कंपनीच्या रेकॉर्डवर त्यांचा आवाज. पण ती रेकॉर्ड महाग. म्हणून तेव्हा सुपरमार्केटच्या दारात जाळीच्या टोपलीत स्वस्त कॅसेटी मिळायच्या. वर मालिकेचं चित्र, आत तीच गाणी, म्हणणारी माणसं भलतीच. मी त्या भलत्यांपैकी. तोक्योतल्या एका कोंदट स्टुडिओत मला कागामीबाईंची रेकॉर्ड एकदा ऐकवली, शब्दांचा कागद हातात दिला आणि म्हणाले, गा. त्या दुपारी आणखी बरीच गाणी उरकायची होती. 'घरी ये' नंतर माझा दम संपला, मी श्वास घेतला आणि मग 'दिवा लावलाय' म्हटलं. मूळ गाण्यात ती ओळ एका दमात आहे. पुन्हा घेऊ या का, असं मी विचारलं. ते म्हणाले, पोरांना काय कळतंय.

पोरांना कळलं नाही हे खरं. आमच्या भागात ती मालिका दाखवणारं चॅनेलच दिसत नव्हतं. नागिसेच्या पोरांनी मिओ पाहिलीच नाही, फक्त ऐकली, तीही टोपलीतल्या कॅसेटवर. कुसाका काल म्हणाला, "मोठेपणी मूळ मालिका पाहिली बाई, तेव्हा वाटलं, हे कुणीतरी नकली म्हणतंय. तुमचा तो श्वासच नाही!"

त्याने कॅसेट आणली होती. डबीला तडा गेलाय, चिकटपट्टी लावलीय. त्याची आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळी करायची. निघताना ही कॅसेट लावून म्हणायची, मी येईपर्यंत ही बाई आहे तुझ्याजवळ. आई आता नाही. हे सांगताना तो डबीवरची चिकटपट्टी नखाने दाबत राहिला. अशा माणसाला कसं सांगू, की बाबा रे, ती बाई म्हणजे मोठ्या माणसाची गल्लीतली उसनी प्रत होती?

ह्यांना मात्र सांगितलं. आमचे ताइझो म्हणजे धोंडा. कोरोक्क्यांना लावायचा पाव कुस्करता कुस्करता म्हणाले, "अगं, आवाज तुझा, नाव तुझं. मग खोटं काय त्यात?"

"मूळ गाणं दुसऱ्या बाईचं आहे हो."

"कोरोक्के तरी आपण कुठे शोधून काढले? सगळ्यांत आधी कुणी तळले, विचारतं का कुणी? चांगले झाले की खातात."

मला हसू आलं. हसले म्हणून आज झोप तरी लागेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बातमी गावभर. मासळीवालीने मला उगाच दोन बांगडे जास्त दिले. बँकेतला पोरगा उठून उभा राहिला. शाळेपाशी मुली एकमेकींना ढोसत होत्या: "त्या बघ, मिओवाल्या." मी मान खाली घालून गेले, पण चाल जरा बदलली होती, हे मला माझंच कळलं.

ह्यांनी दुकानावर पाटी लावलीय: 'मूळ गायिकेच्या हातचे कोरोक्के.' काढा म्हटलं तर म्हणतात, कोरोक्के तर तुझ्याच हातचे आहेत ना!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज पेपरात छापून आलं. त्या वार्ताहर मुलीला मी चहा दिला आणि मनाशी ठरवून म्हटलं, "खरी गायिका मी नव्हेच. खऱ्या गायिकेच्या मी पासंगालाही पुरणार नाही." तिने भराभर लिहून घेतलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता छापून येईल आणि सुटका होईल.

छापून आलंय ते असं: "एवढी वर्षं कोरोक्के तळत अज्ञातवासात राहिलेल्या मूळ गायिका म्हणतात, 'खरी गायिका मी नव्हेच.' असा विनय आता दुर्मिळ झाला आहे." फोटोही आहे. झाऱ्यासकट.

मी खरं सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं नाही, तर त्याला मी काय करणार?

१ ऑक्टोबर, मंगळवार

कुसाकाने समाजमंदिरात माझा वर्ग सुरू केलाय. दर मंगळवारी. तीन नोव्हेंबरला, संस्कृती दिनी, उद्घाटन आहे. तेव्हा अख्ख्या गावाने मिळून गाणं म्हणायचं, अशी त्याची हौस. आज बायाच जास्त होत्या, चार निवृत्त कोळी आणि एक दंतवैद्य. सगळे मला 'बाई' म्हणतात. शिकवायला काहीच लागलं नाही. गाणं सगळ्यांना पाठ. 'घरी ये' म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. सगळ्या खोलीने. माझा दम तेव्हा संपला होता, म्हणून हे सगळं गाव त्या जागी थांबतं.

कागामीबाई कुठे असतील? तेव्हाच्या गायिका कधी पडद्यावर दिसायच्या नाहीत, त्यांचा चेहरा मला माहीत नाही. जिवंत आहेत की नाहीत कोण जाणे. कुसाकाला आडून विचारलं. म्हणाला, संगीतकारांकडची परवानगी आलीय, नवं रेकॉर्डिंग आहे, बाकी कुणाला विचारायची गरजच नाही. कायद्याने नसेल.

८ ऑक्टोबर, मंगळवार

वर्गात एक नवीन बाई आल्या. हातानो-सान. तोक्योच्या. सत्तरीच्या असतील, पाठ ताठ, गळ्याला रेशमी रुमाल. बंदरावरच्या खानावळीत वरची खोली घेऊन राहिल्यात. इथं कशा, विचारलं तर म्हणाल्या, "दिग्दर्शकांच्या समाधीवर यायचं फार दिवस राहिलं होतं."

"तुमची ओळख होती?"

"ओळख कसली. एकदा त्यांनी मला फार रडवलं होतं."

आवाज पार घोगरा. सूर पक्का आहे, पण वरच्या पट्टीत नुसती हवा येते. आणि एक खोड वाईट: 'घरी ये दिवा लावलाय' सगळं एका दमात म्हणतात. सगळे थांबतात आणि ह्या बाई एकट्याच पुढे. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी थांबवलं.

"हातानो-सान, इथं श्वास घ्यायचा."

"असं होय?"

"हो. 'घरी ये' म्हणून थोडं थांबायचं. पोराने वळून बघायला नको का? मग 'दिवा लावलाय'."

हे वळून बघण्याचं मी तिथल्या तिथे रचलं. पण रचलं झकास. सगळ्यांनी माना डोलावल्या. हातानो-सान माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कळलं, बाई. चुकलं माझं." मग अगदी बरोबर जागी श्वास घेऊन दाखवला.

घरी येताना मनात आलं, या बाईंनी मूळ रेकॉर्ड ऐकलेली दिसते. तोक्योच्या आहेत. यांना सगळं ठाऊक असणार. खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

हातानो-सान दुकानात आल्या. एक कोरोक्का मागितला. मी तीन घातले.

"एकच पुरे."

"राहू द्या हो. थंडी पडायला लागलीय."

त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. ह्यांनी आतून ओरडून सांगितलं, "मूळ आहेत हं, ताई! बाकी सगळ्या नकला!" मला कढईत उडी घ्यावीशी वाटली.

"नवऱ्यांचं असंच असतं," हातानो-सान म्हणाल्या. "माझा म्हणायचा, तू गाऊ नकोस, शेजारी झोपलेत." आणि हसल्या. दोन कोरोक्के काउंटरवर परत ठेवून गेल्या.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज रेकॉर्डिंग. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत गाद्या लावून भिंती बंद केल्या होत्या. शहरातून एक दाढीवाला मुलगा यंत्रं घेऊन आला होता. कुसाका कोपऱ्यात बसला होता, मांडीवर ती कॅसेट.

मी मनाशी ठरवून गेले होते. सांगायचं धैर्य नाही तर नाही, निदान गाणं तरी मूळचं म्हणायचं. श्वास गिळायचा. आठ दिवस दुकान उघडायच्या आधी मी त्याचा सराव करतेय. जमलं. 'घरी ये दिवा लावलाय', एका दमात. म्हणताना कळलं की ही ओळ अशीच हवी. थांबलं की तो निरोप होतो, न थांबता म्हटलं की हाक होते. कागामीबाईंना हे तेव्हाच कळलं होतं. मला पासष्टाव्या वर्षी कळतंय.

संपलं. कुसाका चुळबुळ करत उठला. "बाई, रागवू नका... तिथला श्वास राहिला."

"मुद्दाम सोडलाय. असंच आहे ते."

"असं कसं? तुमचंच आहे, तुम्ही विसरलात!" त्याने दाढीवाल्याला कॅसेट लावायला सांगितली. एकवीस वर्षांची मी. दम संपलेली. तो श्वास आला आणि कुसाकाने डोळे मिटले.

मग मी श्वास घेऊन म्हटलं. दाढीवाला म्हणाला, एकदम ओरिजिनल.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

वर्ग संपल्यावर खुर्च्या रचताना हातानो-सान पुटपुटत होत्या. चाल तीच, शब्द मी न ऐकलेले. 'दिवा मालवू नकोस, मीही वाटेतच आहे.'

"हे कुठलं?"

"तिसरं कडवं. रेकॉर्डवर घेतलंच नाही. वेळेत बसेना."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"कागदावर होतं," म्हणाल्या आणि रुमाल सारखा केला. घशाचं ऑपरेशन झालंय त्यांचं, हे आज बोलण्यात आलं. तेव्हापासून आवाज गेला.

काही लोकांना छंद असतो, कुठले कुठले कागद जमवतात. मला मात्र धडकी भरलीय. हिला तिसरं कडवंसुद्धा पाठ, मग ही उद्घाटनात उभी राहून सगळ्यांसमोर बोलली तर? मी तिला जपतेय. आज संत्री दिली. संत्री देताना स्वतःची किळस आली.

मग न राहवून म्हटलं, "हातानो-सान, मी काही गायिका-बियिका नाही बरं का. लोक उगाच चढवतात. लाज वाटते मला."

त्या खुर्ची हातात धरून थांबल्या. "बाई, तुम्ही माफी फार सुंदर मागता," म्हणाल्या. मला ते कौतुकच वाटलं. आता लिहिताना तितकंसं वाटत नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. परवा व्यासपीठावरून सांगणार. ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ पाव कुस्करत राहिले.

"पाटी काढावी लागेल म्हणजे."

"हो."

"कुसाका रडेल."

"माहीत आहे."

"मग सांग बाई. तू हल्ली मीठ जास्त घालतेस." हेसुद्धा ह्यांच्या लक्षात आलंय.

३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. अख्खं गाव होतं, नगराध्यक्ष होते, शाळेचा बँड होता, माझं नाव कोरलेला दगडसुद्धा होता. हातानो-सान तिसऱ्या रांगेत होत्या. मी माइक धरला आणि म्हटलं, "आपण माझ्यासारख्या क्षुद्र बाईला एवढा मान दिलात, त्याला मी मुळीच पात्र नाही. मूळ गायिका फार मोठ्या होत्या, मी केवळ त्यांचं अनुकरण केलं. त्यांच्यापुढे मी अगदी कःपदार्थ आहे. आपणा सर्वांची मी अंतःकरणापासून क्षमा मागते." आणि वाकले, खूप वेळ वाकून राहिले.

वर आले तर टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. नगराध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "कलावंत असावा तर असा. स्वतःला स्वतःचीच नक्कल म्हणवणारा!" पोरींनी फुलं दिली. कुसाका उघड उघड रडत होता. मग बरोबर पाच वाजता भोंगे लागले आणि सगळ्या गावाने माझ्याबरोबर एकदम श्वास घेतला.

मी माझं काम केलं. शब्दाशब्दाने खरं सांगितलं. आता लोकांना विनयच ऐकू येत असेल तर माझा इलाज नाही. मन हलकं झालंय असं लिहिणार होते, पण ते झालेलं नाही.

दारात हातानो-सान भेटल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, मी पाहिलं होतं.

"सांगितलं मी," मी आपणहून म्हटलं. "ऐकलंत ना?"

"ऐकलं. कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलंत. आपल्याकडे जो येतो तो व्यासपीठावर हेच म्हणतो. नगराध्यक्षसुद्धा मघाशी म्हणाले, मी अगदी क्षुद्र आहे. त्यांनी राजीनामा दिला का?"

मी हातातली फुलं सारखी करू लागले.

"उद्या सकाळच्या बसने निघते मी. वर्गाबद्दल आभारी आहे, बाई."

'बाई' शब्द त्यांनी नीट, जपून उच्चारला.

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कढई चढवलीच नाही. ॲप्रन तसाच ठेवून बसथांब्यावर गेले. हातानो-सान एकट्याच बाकावर, शेजारी छोटी पेटी. मी वाकले नाही. वाकले असते तर पुन्हा सुंदर काहीतरी तोंडून गेलं असतं.

म्हटलं, "ते गाणं माझं नाही. टोपलीतल्या कॅसेटवर मी नक्कल म्हटली. मूळ मीच असं गावाला वाटलं आणि मी वाटू दिलं. मला आवडत होतं म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या. "आता ऐकू आलं."

समुद्रावरून वारा येत होता. त्यांनी गळ्याचा रुमाल घट्ट केला आणि समोर बघत म्हणाल्या, "ते गाणं माझं आहे."

मी मठ्ठासारखी उभी राहिले. काय काय आठवलं ते आता लिहिताही येत नाही. समाधी. रडवलं होतं. तिसरं कडवं. संत्री.

"कागामी-सान..."

"ते कंपनीने ठेवलेलं नाव. मी हातानोच." मग म्हणाल्या, "पेपरात तुमचा फोटो पाहिला. इतका संताप आला की, पेटी भरली आणि आले. आवाज तर गेलाच होता. म्हटलं, नाव तरी राहू दे. चारचौघांत तुमचा हात धरून विचारणार होते."

"मग विचारलं का नाही?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकदम तो श्वास घेतला ना, तेव्हा विसरले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मीही तिथेच श्वास घेतला होता. दिग्दर्शक कडाडले. म्हणाले, वादळात दिवा लावणाऱ्या बाईला दम खायला सवड असते का? अंधार पडेपर्यंत तीच ओळ घोटून घेतली माझ्याकडून. रडत रडत म्हटली, तेव्हा ती एका दमात आली. तुमच्यावर कुणी ओरडलं नाही. एवढाच फरक."

"मला क्षमा—"

"नको. ते तुम्ही फार छान करता." बस दिसायला लागली होती. त्या उठल्या. "राग गेलेला नाही माझा. पण तुमचा कुसाका वर्गात सगळ्यांना सांगत असतो, त्याच्या आईने त्याला तुमच्याकडे सोपवलं होतं. ते काही मी केलेलं नाही. ते तुमचंच आहे. बाकीचं माझं."

बस निघून गेली. पत्ता मी विचारलाच नाही.

संध्याकाळी पाचला भोंगा लागला तेव्हा मी मागच्या अंगणात टोपल्या धूत होते. माझा आवाज प्रत्येक खांबावरून, एकामागोमाग एक, टेकडीवरून परत येणारा. समोरची दोन पोरं सायकलवरून गात गेली. 'घरी ये' म्हणून थांबली, मग 'दिवा लावलाय'. मी आत येऊन कानांवर हात ठेवले. ह्यांनी काही विचारलं नाही. खुर्चीवर चढून पाटी काढली आणि मागे जळणात टाकली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

काल सुटी होती, म्हणून आज नगर कार्यालयात गेले. कुसाका खिडकीपाशी होता. उठून वाकायला लागला, तर म्हटलं, "वाकू नका. बसा. ते गाणं माझं नाही. तुमची कॅसेट नकली होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी गप्प बसले."

तो आधी हसला, "बाई, तुम्ही म्हणजे—" आणि मग थांबला. मी हात जोडले नव्हते, मान लववली नव्हती, 'कृपया' म्हटलं नव्हतं. त्याचं हसू हळूहळू ओसरत गेलं ते मला उभं राहून बघावं लागलं. तेवढी शिक्षा मला हवीच होती, पण बघवलं नाही.

"आईने लावलेली..."

"ती मी. तेवढं खरं आहे."

तो बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिला. मग कामाचा माणूस जागा झाला. भोंगा उद्यापासून बंद करतो म्हणाला. दगडावरचं नाव झाकतो. मूळ गायिकेला शोधून काढू, पाया पडू, त्या म्हणतील तसं करू. "कोण आहेत त्या? हयात आहेत?"

"हातानो-सान. वर्गात यायच्या त्या. काल सकाळच्या बसने गेल्या."

त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला वाकला तो टेबलाखालीच राहिला. वर आला तेव्हा चेहरा पांढरा.

"त्या आल्या होत्या इथं," म्हणाला. "पेपरात आलं त्यानंतर लगेच. इथंच, या खिडकीशी. तुम्ही उभ्या आहात तिथं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'हे गाणं पूर्वी मीसुद्धा थोडंफार गात असे. नीट काही जमायचं नाही म्हणा.' एवढंच. मला वाटलं, असतात हौशी बायका. मी म्हटलं, अहो, मग आमच्या बाईंच्या वर्गाला जा ना. मूळ गायिका आहेत. तुमच्या चुका सुधारतील."

आणि मी सुधारल्या होत्या.